जेंटू लावतोयस? आधी तयार बायनरी घे

अरे, जेंटू म्हणजे सॉफ्टवेअर सोर्स कोडपासून आपल्याच मशीनवर बांधून (म्हणजे कंपाइल करून) घेणारं लिनक्स. पण जुन्या लॅपटॉपवर लिबरऑफिससारखं भलंमोठं ऑफिस सॉफ्टवेअर कंपाइल करत बसू नकोस. कोथरूडच्या खोलीत मी एकदा रात्रभर लावलं होतं. पहाटे लाइट गेली, बॅटरी आधीच मेलेली, सगळं मुसळ केरात!

डिसेंबर २०२३ पासून एएमडी६४ आणि आर्म६४ या प्रोसेसर-प्रकारांसाठी जेंटूच बरीच बायनरी, म्हणजे आधीच कंपाइल केलेली, पॅकेजेस देतं. मेक-कॉन्फ (make.conf) या सेटिंगच्या फाइलमध्ये फीचर्सच्या (FEATURES) ओळीत 'गेटबिनपीकेजी' (getbinpkg) टाक. पॅकेजच्या डिजिटल सहीची तपासणीही चालू ठेव, त्यात आळस नको. मग इमर्ज या इन्स्टॉल करायच्या कमांडला 'प्रिटेंड' (--pretend) लावून, काही न बसवता नुसती यादी बघ. ओळीच्या सुरुवातीला 'बायनरी' असेल तर नुसतं उतरवणार, 'ईबिल्ड' असेल तर कंपाइल.

सीफ्लॅग्ज, म्हणजे कंपायलरला द्यायच्या सूचना, वेगळे असले तरी चालतं. यूज फ्लॅग, म्हणजे पॅकेजमधल्या सोयी चालू-बंद करायची बटणं, मात्र उगाच छेडू नकोस. ते जुळले नाहीत की पोर्टेज (जेंटूचा पॅकेज मॅनेजर) बायनरी सोडून सोर्सकडे वळतं, आणि पंखा पुन्हा बोंबलायला लागतो.