वाचकांचे प्रश्न : वर्गातला भेदभाव

प्रश्न : माझ्या चौथीच्या वर्गात ३२ मुले आहेत, त्यांतली सहा कातकरीवाडीची. मी सगळ्यांना सारखेच वागवते, तरी ही सहाजण तोंड उघडत नाहीत. काय करावे? (शिक्षिका, रायगड जिल्हा)

उत्तर : आपण सारखे वागवतो की नाही, हे मोजल्याशिवाय कळत नाही. मुले कुठे बसतात त्याचा नकाशा काढा, प्रत्येकाला एक चौकोन. गणिताच्या तासाला सहकारी शिक्षकांना वीस मिनिटे मागे बसवा. ज्याला प्रश्न विचारला त्याच्या चौकोनात रेघ. प्रश्न ‘का’ किंवा ‘कसे’ असा असेल तर रेघेवर टिंब. उत्तर चुकल्यावर त्याच मुलाला पुन्हा संधी मिळाली तर गोल.

रेघांपेक्षा टिंबे आणि गोल नीट पाहा. बहुधा या मुलांपर्यंत ‘समजलं ना?’ एवढाच प्रश्न पोचतो, आणि उत्तर अडले की तो लगेच पुढच्या बाकावर जातो. ‘बिचाऱ्याला कशाला अडचणीत आणायचं’ असे शिक्षकाला वाटते. मुलाला मात्र बरोबर कळते, की सरांना किंवा बाईंना माझ्याकडून उत्तर नकोच आहे.

आता प्रश्न विचारल्यावर तीन सेकंद थांबा. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या वर्गांत मोजणी केली, तेव्हा शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते. थांबणे तीन सेकंदांवर गेले, तेव्हा उत्तरे लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागली.

नावांच्या चिठ्ठ्या जरूर करा, पण आधी नाव आणि मग प्रश्न असे केले तर मूल दचकते. आधी प्रश्न, मग शेजाऱ्याशी एक मिनिट बोलणे, मग चिठ्ठी. काढलेली चिठ्ठी परत डब्यात टाका, नाहीतर ज्याची पाळी झाली त्याचे लक्ष उडते.

कातकरी बोलीत उत्तर आले तर ‘नीट बोल’ म्हणू नका. उत्तर बरोबर असेल तर आधी ते मान्य करा, मग तेच प्रमाण मराठीत स्वतः म्हणा. शब्द सुधारायचे ते वहीत, चारचौघांत नव्हे. दिवाळीनंतर घरची माणसे वीटभट्टीवर निघणार असतील तर मुलाला शिक्षण हमी कार्ड (जिथे जाईल तिथल्या शाळेत बसता यावे म्हणून शाळा देते ते) देऊनच पाठवा. परत आल्यावर त्याला मागे बसवून नुसते उतरवून काढायला लावू नका.

प्रश्न : काही हरवले की मुले थेट पारधी मुलाकडे बोट दाखवतात. (शिक्षक, बीड जिल्हा)

उत्तर : इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवायची सोय केली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, संशय राहिला. म्हणून त्याच क्षणी बोला: ‘पाहिल्याशिवाय कुणाचं नाव घ्यायचं नाही.’ झडती कुणाचीच नको. सगळ्यांची म्हणून सुरू केलेली झडतीही त्याच्याच दप्तरापासून सुरू होते. बाकांखाली, मैदानावर, कपाटात शोधा. वस्तू सापडली की कुठे सापडली ते वर्गासमोर सांगा, कारण आरोपही वर्गासमोरच झाला होता. बोट दाखवणाऱ्याशी नंतर एकट्याने बोला. लगेच हात मिळवायला लावले तर अपमान झालेल्यालाच माफ करायची सक्ती होते.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारण्याबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे. ‘शिष्यवृत्तीवाले उभे राहा’ ही हाकही बंद करा. कागद एकेकाला बोलावून मागता येतात.

प्रश्न : चित्रात माणूस रंगवताना मुले फिकट गुलाबी खडूलाच ‘अंगाचा रंग’ म्हणतात. (चित्रकला शिक्षिका, नागपूर)

उत्तर : त्या खडूला गुलाबीच म्हणा. तपकिरीत पिवळा, थोडा लाल आणि लागेल तसा पांढरा मिसळून प्रत्येकाने स्वतःच्या मनगटाशी जुळवावे. दोन मुलांचे हात शेजारी धरून तुलना करू नका, तिथेच ‘काळ्या’ची हाक सुरू होते. स्नेहसंमेलनातल्या भूमिकांची यादीही तपासा: राक्षस आणि नोकर दरवर्षी सावळ्या मुलांनाच मिळत असतील, तर यंदा प्रत्येकाचे वाचन ऐकून भूमिका द्या.