बोका सूड घेत नाही

“मुद्दाम करतो हो तो. मी रागावले की दुसऱ्या दिवशी हमखास पडद्यावर मुततो.”

मांजरं पाळणाऱ्या घरांना सल्ला देताना बोक्याबद्दलची ही तक्रार मी सतत ऐकते. म्हणून एका जोडप्याची गोष्ट सांगते, ओळख पटणार नाही इतपत बदलून. बोका वर्षाच्या आतला, नसबंदी न झालेला. रात्रभर दाराशी ओरडायचा, संधी मिळाली की पळायचा आणि कान फाडून घेऊन परतायचा. ताई रडकुंडीला आल्या होत्या. दादा गप्प.

“ताई, तो बसून करतो की उभ्यानं?”

“ते कोण बघतंय? वास आला की मी फडकं घेऊन धावते.”

मी मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगितला. पुढच्या भेटीत त्यांनी नेमका तो क्षण दाखवला: पडद्याकडे पाठ, शेपटी ताठ, तिचं टोक थरथरतंय, मागचे पाय जागच्या जागी हलताहेत आणि चमचाभर फवारा. म्हटलं, आता थोडं मागे न्या. मी नेहमीच मागे न्यायला लावते, कारण वागण्याचं उत्तर बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या चार मिनिटांत सापडतं. त्या चार मिनिटांत बोका खिडकीत थिजून बसला होता. बाहेर कुंपणावर दुसरा बोका होता.

ताईंनी तो तुकडा परत लावला. मग हळूच म्हणाल्या, “म्हणजे हे माझ्यासाठी नव्हतंच?”

नव्हतंच. मांजराला सूड उगवता येतो असं मी मानत नाही. लघवी लागली की मांजर खाली बसून भरपूर करतं. उभ्यानं उभ्या पृष्ठभागावर मारलेला थोडासा फवारा म्हणजे ‘ही जागा माझी’ अशी पाटी. बोका साधारण 5-6 महिन्यांत वयात येतो आणि टेस्टोस्टेरॉनमुळे त्याच्या लघवीला तो उग्र वास चढतो. आपण ओरडलो की तो आणखी अस्वस्थ होतो आणि पाट्या वाढतात. ताईंना दिसत होता तो ‘सूड’ इथूनच आला होता.

दादा तेव्हा पहिल्यांदा बोलले. “पण नसबंदी म्हणजे त्याच्यावर अन्यायच ना?”

“दादा, आपण बाप व्हावं असं त्याच्या मनात नसतं. त्याला फक्त ओढ लागते. ती पुरी होत नाही म्हणून तो ओरडतो, जेवण टाकतो, मारामाऱ्या करतो. चाव्यांतून मांजरांचा एड्ससारखा विषाणू, एफआयव्ही, पसरतो. त्याचं काय हिरावून घेतोय आपण?”

ते बराच वेळ बोक्याच्या कानाकडे बघत राहिले. त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया झाली.

नसबंदीनंतर दहातल्या साधारण नऊ बोक्यांचं फवारणं थांबतं किंवा खूप कमी होतं, पण लगेच नाही. संप्रेरकं उतरायला काही आठवडे जातात. तेवढे दिवस नसबंदी न झालेल्या मांजरीपासून त्याला लांबच ठेवा, कारण पिल्लं होऊ शकतात. भूक वाढते आणि गरज घटते, म्हणून खाणं मोजून द्या. सवय मुरायच्या आत, पाचव्या महिन्याच्या सुमारास हे उरकलं तर उत्तम.

घरातलं कामही तितकंच महत्त्वाचं. ताईंनी खिडकीचा खालचा भाग झाकला. डाग एन्झाइमवाल्या क्लीनरनं धुतले. अमोनिया असलेलं क्लीनर वापरू नका, त्याचा वास त्याला लघवीसारखाच वाटतो. लिटर बॉक्स, म्हणजे मांजराच्या शी-शूची पेटी, मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त ठेवा. संध्याकाळी दोरीच्या खेळण्यामागे त्याला दमेपर्यंत पळवा आणि मगच जेवण द्या. रात्रीचं ओरडणं त्यानं पुष्कळ उतरतं. हे खेळवणं दादांनी स्वतःहून अंगावर घेतलं, याचा मला फार आनंद आहे.

फवारणं चालूच राहिलं तर पशुवैद्यांकडून मूत्रमार्ग तपासून घ्या. आणि बोका वारंवार लघवीला बसून कुंथत असेल, पण थेंबही येत नसेल, तर वर्तनाचा विचार बाजूला ठेवून त्याच क्षणी दवाखाना गाठा. मूत्रमार्ग तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो.