वाचकांचे प्रश्न : ‘मेड इन जपान’ कितपत अस्सल?

प्रश्न : डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा ‘मेड इन जपान’ हा लाइव्ह अल्बम नुकताच ऐकला. सत्तरच्या दशकातील अनेक लाइव्ह अल्बम नंतर स्टुडिओत बसून दुरुस्त केले जात, असे वाचनात आले. येथेही तसे झाले आहे का? आणि हा सगळा एकाच रात्रीचा कार्यक्रम आहे का?

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. हा एका रात्रीचा कार्यक्रम नाही. १५ आणि १६ ऑगस्ट १९७२ रोजी ओसाका येथे आणि १७ ऑगस्टला टोकियोच्या बुडोकान सभागृहात झालेल्या तीन कार्यक्रमांतून यातील सात गाणी निवडलेली आहेत. बहुतेक गाणी १६ तारखेची आहेत. ‘स्मोक ऑन द वॉटर’ १५ तारखेचे, तर ‘द म्यूल’ आणि ‘लेझी’ बुडोकानमधील.

आता दुरुस्तीविषयी. आपण वाचलेले खोटे नाही. किस या बँडच्या १९७५ सालच्या ‘अलाइव्ह!’मध्ये स्टुडिओत बरीच भर घातली गेली होती, हे पुढे संबंधितांनीच मान्य केले. ‘मेड इन जपान’ मात्र या बाबतीत वेगळा आहे. येथे गायन किंवा वादन नंतर पुन्हा मुद्रित करून मूळ मुद्रणावर चढवलेले नाही. त्यामागे तत्त्वनिष्ठा होती असे मात्र समजू नये. लाइव्ह अल्बम काढण्याची कल्पना मुळात जपानमधील रेकॉर्ड कंपनीची होती आणि बँडला तिच्यात फारसा रस नव्हता. आपलाच ध्वनिमुद्रक हवा आणि मुद्रण पसंत पडले तरच ते प्रसिद्ध व्हावे, अशा अटी घालून त्यांनी होकार दिला. त्यानुसार मार्टिन बर्च जपानला गेले. मिश्रणाच्या (मिक्सिंगच्या) वेळी पाच सदस्यांपैकी फक्त बासवादक रॉजर ग्लोव्हर आणि ड्रमवादक इयान पेस हजर होते, यावरून बाकीच्यांची उत्सुकता किती होती ते कळते.

मुद्रण आठ ट्रॅकच्या, म्हणजे आठ स्वतंत्र ध्वनिपट्ट्या असलेल्या यंत्रावर झाले. पाच जणांचा आवाज आठ ट्रॅकवर बसवायचा म्हणजे ड्रमच्या अनेक माइकांचा समतोल जागच्या जागीच साधावा लागतो आणि तो नंतर फारसा बदलता येत नाही. शिवाय मंचावर गायकाच्या माइकमध्ये ड्रम आणि गिटारही शिरतात. त्यामुळे एखादी ओळ मागाहून बदलली, तर तिच्यामागचा हा गलबलाही नाहीसा होतो आणि सराईत कानाला जोड जाणवते. या अल्बममध्ये अशी जोड जाणवत नाही, उलट गाण्यांच्या मध्ये मॉनिटरचा (कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून मंचावर ठेवलेल्या स्पीकरचा) आवाज वाढवण्याची मागणीसुद्धा तशीच राहू दिलेली आहे. तीन रात्रींतून उत्तम तेवढे निवडणे हे संपादन झाले. माझ्या मते त्याने अल्बमच्या अस्सलपणाला बाधा येत नाही.

प्रश्न : ‘स्पेस ट्रकिन’ हे गाणे स्टुडिओत साडेचार मिनिटांचे असताना येथे वीस मिनिटे का चालते? हा निव्वळ वेळकाढूपणा नाही का?

उत्तर : थोडासा आहे, हे मान्य करतो. मूळ एलपीच्या दोन तबकड्यांपैकी चौथी बाजू या एकाच गाण्याने व्यापली होती. मात्र ही लांबी त्या दौऱ्यात अचानक आलेली नाही. बँडच्या आरंभीच्या काळात ‘मँड्रेक रूट’ या गाण्याच्या शेवटी दीर्घ वाद्यवादन होत असे. तोच भाग पुढे ‘स्पेस ट्रकिन’ला जोडला गेला. म्हणजे गाणे सुरुवातीच्या चार-पाच मिनिटांत जवळजवळ संपते आणि उरलेला वेळ जॉन लॉर्ड यांचा ऑर्गन आणि रिची ब्लॅकमोर यांचे गिटार यांचा असतो. लॉर्ड आपला हॅमंड हा विजेवरचा ऑर्गन गिटारसाठीच्या मार्शल अॅम्प्लिफायरमधून वाजवीत, त्यामुळे तो चर्चमधल्या ऑर्गनसारखा न वाजता गुरगुरतो आणि गिटारच्या तोडीस तोड ऐकू येतो.

आपल्याला लांबी जाचत असेल, तर आधी ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’ ऐकावे. त्यात ब्लॅकमोर गिटारवर एक छोटी फिरत घेतात आणि इयान गिलन तीच गळ्यातून परत करतात. फिरती हळूहळू अवघड होत जातात, गायकाला मागे टाकण्याचा गिटारवादकाचा डाव उघड दिसतो आणि शेवटी गिलन अशी प्रदीर्घ किंकाळी फोडतात की पुढची चाल गिटारला सुचण्याआधीच सवाल-जवाब आटोपतो. दहा मिनिटांच्या या गाण्यात एक क्षणही वाया गेलेला नाही. ‘द म्यूल’मधील ड्रमवादनाबद्दल मी असे म्हणणार नाही.

प्रश्न : मुखपृष्ठावरील छायाचित्र ओसाकाचे की टोकियोचे?

उत्तर : दोन्हींचे नाही. ते लंडनच्या रेनबो थिएटरमधील कार्यक्रमाचे आहे.

प्रश्न : तिन्ही रात्रींचे मुद्रण ऐकायला मिळते का?

उत्तर : मिळते. १९९३ साली ‘लाइव्ह इन जपान’ या नावाने तीन सीडींचा संच निघाला आणि त्यात तिन्ही कार्यक्रमांचा बहुतांश भाग आहे. मूळ अल्बम चांगला परिचयाचा झाल्यावरच तो घ्यावा. ‘हायवे स्टार’ किंवा ‘चाइल्ड इन टाइम’ लागोपाठच्या रात्री ऐकल्यावर गाण्याचा सांगाडा कोणता आणि त्या रात्री सुचलेले काय, हे वेगळे काढता येते. विशेषतः ब्लॅकमोर यांचे सोलो दर रात्री बरेच बदलतात.