वय ४७, आणि समोर तयार राजीनामा

प्रश्न : ऐरोलीतल्या एका आयटी कंपनीत मी १४ वर्षं आहे. वय ४७, हुद्दा सीनियर मॅनेजर. नवे साहेब आल्यापासून 'टीम यंग ठेवायचीय' असं मीटिंगमध्ये उघड बोलतात. शुक्रवारी एचआरने बोलावलं, तर राजीनाम्याचा मेल टाइप करून तयार! फक्त सेंड दाबायचं बाकी. नाही दिला तर काढून टाकू, रिलीव्हिंग लेटर विसरा, म्हणाले. सोमवारपर्यंत मुदत आहे. वयावरून असं काढता येतं का?

उत्तर : सेंड दाबलं नाहीत, हे फार बरं केलंत.

आधी कडू भाग. खासगी नोकरीत वयावरून भेदभावाला सरळ मनाई करणारा कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत १९६७ पासून चाळिशीपुढच्यांसाठी तो आहे, पण मुख्यालय तिकडे असलं तरी ऐरोलीत बसलेल्या भारतीय माणसाला त्याचा उपयोग नाही.

मात्र आपल्या कायद्याला वय दिसत नसलं तरी नोकरीची वर्षं दिसतात. कंपनीने कामगाराला कमी केलं तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. तुमचे झाले २१० दिवस, म्हणजे सात महिने. शिवाय त्याच प्रकारच्या कामावर जो शेवटी आला तो आधी जातो, हा साधारण नियम. तो डावलायचा तर कारण नोंदवावं लागतं, आणि 'टीम यंग ठेवायचीय' हे कारण कुठलाही एचआर कागदावर लिहिणार नाही. म्हणून तर त्यांना राजीनामा हवाय. स्वखुशीने सोडली म्हटलं की यातलं काहीच लागू होत नाही. ग्रॅच्युइटी तेवढी राजीनामा दिला काय, काढलं काय, दोन्ही वेळी मिळते.

हे सगळं तुम्ही कायद्याने 'कामगार' ठरलात तर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तांत्रिक काम करणाऱ्याला पगाराची मर्यादा नाही. वगळलेत ते खरे व्यवस्थापक, आणि कोर्ट व्हिजिटिंग कार्ड बघत नाही, काम बघतं. रजा कोण मंजूर करतं? अप्रेझलवर शेवटचा शब्द कोणाचा? कुणाला घ्यायचा-काढायचा अधिकार तुम्हाला आहे का? की रात्री दोनला सर्व्हर पडला की फोन तुम्हालाच येतो आणि उठून लॉग तुम्हीच चाळता? हाताखालच्या पोराची दोन दिवसांची रजाही ज्यांना देता येत नाही, असे 'मॅनेजर' माझ्याकडे कितीतरी येतात. तुम्ही मात्र खरेच व्यवस्थापक असाल, तर हातात राहतो नेमणूकपत्रातला नोटीस पीरियड आणि बोलणी करण्याची ताकद. उगाच आशा लावत नाही.

आज रात्रीच एचआरला चार ओळींचा मेल करा : अमुक तारखेला अमुक जणांनी राजीनामा मागितला, मला तो द्यायचा नाही, मी कामावर हजर आहे. राग नको, विशेषणं नकोत. त्याची प्रत स्वतःच्या पत्त्यावर ठेवा. पगाराच्या स्लिपा, अप्रेझलची पत्रं, नेमणूकपत्र हेही जमवा. पण क्लायंटची फाइल किंवा कोड घरच्या मेलवर पाठवू नका. तेवढ्यावरून चौकशी लावून तुम्हालाच आरोपी करतील, आणि तेव्हा मीही फारशी कामाला येणार नाही.

रिलीव्हिंग लेटरची भीती ही त्यांची हुकमी चाल. फॉर्म १६, पीएफचं पासबुक आणि स्लिपा यांवरून १४ वर्षांचा अनुभव सिद्ध होतो.

सोमवारी 'जे काय ते लेखी द्या' एवढंच म्हणा. काढलंच, तर ठाण्याच्या कामगार उपायुक्तांकडे तक्रार करता येते. ऐरोली ठाणे जिल्ह्यातच मोडते. तिथे न मिटल्यास पुढे न्यायाधिकरण. वेळ लागतो, हे गृहीत धरा.

बहुधा त्याआधीच ते पैशांचा आकडा टेबलावर ठेवतील. तेव्हा सात महिने ही बोलणीची सुरुवात समजा, शेवट नाही. आणि आई-वडील कंपनीच्या मेडिक्लेममध्ये असतील, तर तो निदान पॉलिसीचं वर्ष संपेपर्यंत चालू ठेवण्याची अट पैशांआधी मांडा. त्या वयात नवी पॉलिसी घ्यायला गेलात की प्रीमियम किती आणि जुन्या दुखण्यांना किती वर्षं थांबा, ते एजंटलाच विचारून बघा.