कॅथोडला ‘ऋणाग्र’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: पाठ्यपुस्तकात कॅथोड म्हणजे ऋणाग्र, मग बॅटरीवरच्या लेखांत तो धन टोकाला कसा? आणि बॅटऱ्यांची एलएफपी, एनएमसी ही नावं नेमकी कशाची?

गोंधळ आपल्या प्रतिशब्दाने केलाय. १८३४ साली फॅरेडेने विल्यम ह्यूएल या विद्वानाच्या सल्ल्याने ‘कॅथोड’ रूढ केला, तो ग्रीकमधल्या ‘खाली जाणारी वाट’ या अर्थाच्या शब्दावरून. त्यात धन-ऋण काहीच नाही. बाहेरच्या तारेतून इलेक्ट्रॉन ज्या टोकाशी आत शिरतात, तो कॅथोड. विद्युत अपघटनात, म्हणजे वीज सोडून पदार्थाचं विघटन करताना, ते टोक ऋण असतं, तिथे ‘ऋणाग्र’ चपखल. बॅटरी वापरात असताना मात्र इलेक्ट्रॉन धन टोकाशी येतात. चार्जिंगला लावली की सगळं उलटतं आणि व्याख्येप्रमाणे नावांचीही अदलाबदल व्हायला हवी. पण एवढा खटाटोप करतो कोण? डिस्चार्जच्या, म्हणजे बॅटरी वापरात असतानाच्या, वेळचं नावच कायम ठेवायचा प्रघात आहे. म्हणून बॅटरीपुरतं मी सरळ ‘कॅथोड’ लिहितो.

आता नावं. लिथियम-आयन बॅटरीत अ‍ॅनोडला, म्हणजे कॅथोडच्या विरुद्ध टोकाला, बहुतेक वेळा ग्राफाइटच असतं, फरक पडतो तो कॅथोडमुळे. म्हणून ओळखही त्याचीच. ग्राफाइटचा एक ग्रॅम ३७२ मिलिअँपिअर-तासांपर्यंत (हे विद्युतभाराचं माप) साठवू शकतो. लिथियम कोबाल्ट ऑक्साइड या कॅथोडच्या पदार्थाकडून व्यवहारात १४०च्या आसपासच मिळतात, कारण निम्म्याहून फार जास्त लिथियम उपसलं की त्याची थरांची रचना बिघडू लागते. अडतं ते इथे.

एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. ‘एफ’ लोखंडाच्या लॅटिन ‘फेरम’चा, ‘पी’ फॉस्फेटचा, पॉलिमरचा नव्हे. फॉस्फेटमधला ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट बांधलेला असतो, तापलं तरी सहजी सुटत नाही, त्यामुळे आगीचा धोका कमी. पण सेलचा व्होल्टेज साधारण ३.२ व्होल्ट, कोबाल्टवाल्याचा ३.७, तेवढ्याच वजनात ऊर्जा कमी भरते. शिवाय हा पदार्थ वीजवाहक म्हणून अगदीच मंद, त्याच्या कणांवर कार्बनचा लेप द्यावा लागतो.

एनएमसी म्हणजे निकेल, मँगनीज, कोबाल्ट. पुढचे ‘८११’ हे त्यांचं ८:१:१ प्रमाण. निकेल वाढवलं की साठवण वाढते, उष्णता सोसायची ताकद घटते.

जाता जाता: ‘लिथियम-आयन घ्यावी की एलएफपी?’ हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. एलएफपीसुद्धा लिथियम-आयनच.