मेणबत्ती आणि काडेपेटी

प्रश्न : मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते. आमच्या वाचनालयाने विज्ञान दिनाला माझं व्याख्यान ठेवलंय. समोर पाचवीतल्या पोरांपासून पेन्शनर आजोबांपर्यंत सगळे असतील. सुरुवात कुठून करू?
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर : ताई, प्रोजेक्टर घरीच ठेवा. माझ्या पहिल्या व्याख्यानाला मी साठ स्लाइड नेल्या होत्या. विसाव्या स्लाइडला पहिल्या रांगेतले काका घोरायला लागले.

इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेने १८६०-६१च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर सहा व्याख्यानं दिली, सगळी एका मेणबत्तीवर. ज्वलन, पाणी, हवा, शेवटी आपला श्वाससुद्धा त्याने त्या वातीपाशी आणून ठेवला. तुम्हीही तेच करा. मेणबत्ती थोडा वेळ जळू द्या, मग हळूच विझवा. वर जाणाऱ्या पांढऱ्या रेघेला, वातीपासून बोटभर वर, पेटती काडी लावा. ज्योत त्या रेघेतून खाली उडी मारते आणि वात पुन्हा पेटते! जळते ती मेणाची वाफ, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. काडी लावण्याआधी मात्र 'काय होईल?' म्हणून विचारा, आणि पोरांना भांडू द्या.

पंखे बंद करायला सांगा, नाहीतर रेघ मोडते आणि फजिती होते. घरी दहादा करून बघा.

वेळ? तासाच्या वर नको, असं फॅरडेने एकविसाव्या वर्षीच मित्राला पत्रात लिहिलं होतं. त्यात प्रास्ताविक आणि नारळ-शाल धरलेली नाही. आपल्याकडे ती वेगळा अर्धा तास खातात.