पहिला तांब्या पायांवर

प्रश्न : माझं वय ७३. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो. मुलगा ३६ वर्षांचा, जन्मापासून बौद्धिक अक्षमता, दाखल्यावर ७५ टक्के लिहिलंय. रोज डेअरीवर दूध घालून येतो, संध्याकाळी कोंबड्या कोंडतो. पण पैसे कळत नाहीत, एकट्याला एसटीत बसवता येत नाही. मागच्या दिवाळीत त्याची आई गेली. पुण्याची मुलगी म्हणते, "बाबा, मी आहे ना." पण तिचाही संसार आहे. त्याच्या नावाने खातं काढायला गेलो तर बँकेत म्हणाले, तुम्ही पालक असल्याचा कागद आणा. मी बाप आहे, आणखी कसला कागद? सरकारचा काही आधार मिळतो का? आणि त्याला संस्थेत ठेवणं म्हणजे टाकून देणंच नव्हे का?
– एक निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : गुरुजी, माझा दादाही असाच आहे. तो आता ६१ वर्षांचा. मी त्याच्याहून चार वर्षांनी लहान आणि कागदोपत्री त्याची पालक.

कागदाचं आधी सांगते. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याच्या लेखी आईबापाचं पालकपण संपतं, मग ते मूल कितीही आपल्यावर अवलंबून असो. त्यासाठीच १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक स्तर समिती असते आणि ती कायदेशीर पालक नेमून देते. बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी ही सोय आहे, कोर्टात जावं लागत नाही. अर्ज तुम्ही करायचा, पण पालक म्हणून नाव कुणाचं द्यायचं ते तुम्ही सुचवू शकता. माझं ऐकाल तर आत्ताच मुलीचं द्या. तिचा संसार आहे हे खरं, पण तुम्ही धडधाकट असताना ती या कामात शिरली तर तुम्हाला विचारून शिकेल. पालकाला सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दर वर्षी हिशेब द्यावा लागतो. तिला हे आधीच सांगा, तिच्या नवऱ्यालाही सांगा. "मी आहे ना" हे वाक्य प्रेमाचं आहे, पण बँकेत चालत नाही.

आमच्या वेळी समितीतल्या अधिकाऱ्यांनी मला बाजूला ठेवून थेट दादाला विचारलं, "तुम्हाला कुणाकडे राहायचंय?" दादा म्हणाला, "हिच्याकडं. पण माझी खाट पाहिजे." तोवर आमच्या घरात त्याला असं कुणी विचारलंच नव्हतं. तुम्हीही मुलाला विचारा.

आता पैशांचं. माझे वडील गिरणीत होते, त्यांना पेन्शन नव्हती. तुम्हाला आहे, आणि तुमच्या मुलाचा सगळ्यात भक्कम आधार तोच आहे. कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळतं, त्याला नेहमीची वयाची अट लागत नाही. पत्नी गेल्या, म्हणजे तुमच्यामागे हक्क त्याचा. ज्या कार्यालयातून निवृत्त झालात तिथे दाखला घेऊन जा आणि त्याचं नाव पेन्शनच्या कागदांत तुमच्या हयातीतच चढवून घ्या. बाप गेल्यावर बहीण ऑफिसांच्या पायऱ्या झिजवते, हे मी फार घरांत पाहिलंय. संजय गांधी निराधार योजनेला उत्पन्नाची मर्यादा आहे, तुमच्या पेन्शनमुळे ती सध्या बसणार नाही, तिथे हेलपाटे घालू नका. राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना मात्र जरूर घ्या. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण, विम्याआधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर तेही काढा.

यापेक्षाही मोठं काम घरातच आहे. आई गेली तेव्हा दादाने अकरा दिवस अंघोळ केली नाही. न्हाणीच्या दारात बसायचा, पाणी घेतलं की ओरडायचा. आम्ही रागावलो, मी एकदा त्याचा हातही ओढला, ते अजून मला बोचतं. बाराव्या दिवशी शेजारच्या मावशी म्हणाल्या, "अगं, वहिनी पहिला तांब्या त्याच्या पायांवर ओतायच्या, मग डोक्यावर." तसं केलं आणि दादा मुकाट अंघोळीला बसला. आईने ४४ वर्षं जे केलं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

म्हणून एक शंभर पानी वही आणा, गुरुजी. अक्षर तुमचं चांगलंच असणार. पोट दुखलं तर तो काय करतो, कशाला घाबरतो, डेअरीवर कुणाशी बोलतो, गोळी कशाबरोबर गिळतो, आईची आठवण आली की काय मागतो, सगळं लिहा. एक प्रत मुलीकडे ठेवा.

संस्थेबद्दल. टाकून देणं म्हणजे मागे वळून न बघणं. तुम्ही तर त्याच्यासाठी आधी जाऊन बघणार आहात. अशा मोठ्या मुलांना कायमचं ठेवून घेणाऱ्या दोन जागा सांगते: मुळशी तालुक्यात कोळवणला साधना व्हिलेज आहे, डोंबिवलीजवळ खोणी गावात अमेय पालक संघटनेचं 'घरकुल' आहे. घरकुल पालकांनीच उभं केलंय. मुलीला घेऊन दोन्हीकडे जा. फाटकावरची पाटी वाचून परत येऊ नका, जेवणाच्या वेळेला थांबा. रात्री किती माणसं असतात, नातेवाईक न कळवता आले तर चालतं का, मुलं दिवसभर काय करतात, हे विचारा. तुमच्या मुलाला काम करायची सवय आहे. त्याला नुसतं बसवून ठेवणारी जागा त्याला मानवणार नाही, मग ती कितीही स्वच्छ असो.

नाव लगेच नोंदवायचं की नाही ते नंतर ठरवा. आधी तात्पुरतं ठेवून घेतात का ते विचारा. पहिल्या खेपेला दोनच रात्री. त्याची रोजची चादर द्या, आणि वही द्या.